दूरचे खळे

आमच्या निपाणी भागात ‘खळे’ हा शब्द दोन गोष्टींना वापरतात. एक खळे मळणीचे. शेणाने सारवलेली गोल जमीन, मधोमध रोवलेला तिवडा आणि त्याभोवती फिरणारे बैल. दुसरे खळे चंद्राला पडते. मधोमध चंद्र आणि भोवती आखून काढावे तसे फिकट वर्तुळ. हा शब्द ज्याने पहिल्यांदा आभाळाला लावला तो मनुष्य रात्री मळणीच्या राखणीला उघड्यावर झोपलेला असणार, याबद्दल मला शंका नाही. मळणीयंत्रे आली आणि पहिले खळे गावोगाव मोडले. दुसरे अजून पडते. ते ज्या ढगांमुळे पडते त्या ढगांचा ठाव माणसाने कसा घेतला, त्याची ही हकीकत आहे. तिची सुरुवात मात्र मला आमच्या तंबाखूच्या रानातूनच करावी लागेल.

विडीची तंबाखू कापली की रानातच वाळत पडते. दिवसा ऊन खाते, पहाटे दंव पिते. दंवाने पान मऊ पडले की उजाडायच्या आत पाला गोळा करायचा. ऊन चढल्यावर हात लावला तर पानाचा चुरा होतो. म्हणजे शेतकऱ्याला त्या दिवसांत दंव हवे असते आणि पाऊस नको असतो. कापलेल्या तंबाखूवर एक सर पडली तरी पानाचा रंग जातो, वास जातो, आणि वखारीत व्यापारी पान नाकाला लावून गप्प बसतो. तो गप्प बसला की भाव पडला असे समजावे.

मी बी.एस्सी. होऊन हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. रानात तंबाखू कापून पडली होती. रात्री जेवण झाल्यावर आबा अंगणात उभे राहिले, उजवा हात चंद्राकडे लांब केला, अंगठा चंद्रावर ठेवला आणि वीत ताणली. करंगळी बरोबर खळ्यावर टेकली.

“मास्तर, खळं वितीएवढं लांब पडलंय. पाऊस जवळ आलाय. पाला उचलूया का?”

नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणत. खळे दूर तर पाऊस जवळ, खळे चंद्राला चिकटून तर पाऊस लांब, हा त्यांचा नियम. आमचे शेजारी कन्नड बोलणारे. त्यांच्या घरीही हाच नियम होता. मी हसलो. म्हणालो, “आबा, ते नुसतं प्रकाशाचं वक्रीभवन असतंय. त्याचा आणि पावसाचा काही संबंध नाही.” पाला अजून पुरता वाळला नव्हता, गडीमाणसे बोलवायची म्हणजे खर्च होता, आणि मुलगा शिकलेला होता. आबा म्हणाले, “बरं, तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. फार नाही, अर्धा तास. तेवढा पुरला.

आबांनी या गोष्टीचा पुढे कधी उच्चार केला नाही. त्यांनी शिवी दिली असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. त्या रात्री मी सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. वक्रीभवन खरे, पण कशातून? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

खळ्याची दखल आपल्याकडे फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘परिवेष’ या नावाने त्यावर एक अध्यायच लिहिला आहे. चंद्रसूर्याचे किरण विरळ ढगांच्या आभाळात वाऱ्याने वर्तुळाकार होतात, असा त्याचा खुलासा. पुढची सगळी फलिते सोडली तरी ‘विरळ ढग’ एवढे त्याने बरोबर पाहिले होते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एडम मारिओतने पुढचे पाऊल टाकले. बर्फाचे स्फटिक षट्कोनी असतात. त्यांच्या एकाआड एक बाजू घेतल्या तर साठ अंशांचा लोलक होतो, आणि अशा लोलकातून गेलेला प्रकाश साधारण २२ अंशांनी वळतो. म्हणून खळे नेहमी तेवढेच. आज लहान, उद्या मोठे असे ते होत नाही. हात लांब करून ताणलेली वीत डोळ्याला जवळजवळ एवढाच कोन करते, हे मारिओतने लिहिले आहे की नाही कोण जाणे. आबांना ते ठाऊक होते.

मग चंद्राला चिकटलेले ते छोटे खळे कोणते? ते वेगळ्याच कुळातले. ते बर्फाचे नव्हे, पाण्याचे. बारीक थेंबांच्या पातळ ढगातून चंद्रप्रकाश जाताना थेंबांच्या कडांशी पसरतो आणि चंद्राला लागूनच तांबूस किनारीचे कडे दिसते. म्हणजे आबांचा नियम पावसाबद्दल काहीही म्हणो, तो मुळात दोन ढगांतला फरक सांगत होता: दूरचे खळे बर्फाचे, जवळचे पाण्याचे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे लेसरवाल्यांनाही हाच प्रश्न पडला.

या बर्फाच्या ढगांना आज आपण सिरस म्हणतो. पिंजलेल्या कापसासारखे, घोड्याच्या शेपटासारखे, कधी नुसत्या दुधाळ पडद्यासारखे. हे नाव लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने दिले. त्याचा निबंध १८०३ साली छापला गेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसांची बट. (ढगांच्या नावांची आमच्याकडे वेगळीच गंमत. कन्नडमध्ये ढगाला ‘मोड’ म्हणतात. शेजारच्या अक्का “मोड बंदैती” म्हणाल्या की आमची आई सवयीने मटकीच्या फडक्याकडे बघे.) नाव मिळाले, पण वर खरेच बर्फ आहे हे पाहून कोण येणार? १८५० साली बारल आणि बिक्सियो हे दोन फ्रेंच गृहस्थ फुग्यातून सात हजार मीटरांच्या आसपास चढले आणि उणे ३९ अंश थंडीत त्यांच्या अंगावर बर्फाच्या सुया पडल्या. मारिओतचा तर्क असा प्रत्यक्ष अंगावर आला.

राहिली उंची. १८८४-८५ मध्ये स्वीडनच्या उप्साला येथे दोन ठिकाणांहून एकाच वेळी एकाच ढगावर दुर्बिणी रोखून, कोन मोजून, त्रिकोणाच्या हिशेबाने ढगांची उंची काढली गेली. पद्धत चांगली, पण दोघांनी एकाच ढगाचा एकच कोपरा पकडला पाहिजे. सिरसला कोपराच नसतो. आणि इतका पातळ सिरस असतो की तो डोळ्यांना दिसतही नाही. जो दिसत नाही त्याच्यावर दुर्बीण कशी रोखणार?

आपल्या देशात या उंचीवर पहिली मोलाची नजर टाकली ती के. आर. रामनाथन यांनी. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. आग्र्याहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी जमेस धरून रामनाथन यांनी १९२९ मध्ये दाखवले की पृथ्वीवरची सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताजवळ, जमिनीपासून सोळा-सतरा किलोमीटर वर आहे. उणे ऐंशी अंशांच्या आसपास. मला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा अचंबा वाटला होता. आपण एप्रिलात निपाणीच्या बसस्टँडवर घामाने निथळत उभे असतो, आणि डोक्यावर, निपाणी ते संकेश्वर एवढेही अंतर नाही तिथे, ध्रुवांवरल्यापेक्षा कडक थंडी! सिरसचे माहेर ते.

पण पुढची कित्येक दशके या ढगांकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहिले नाही, आणि त्याचे कारण मी समजू शकतो. दुष्काळी मुलखात जो ढग पाऊस देत नाही त्याच्याकडे कोण बघणार? पुण्याला १९६२ साली उष्णदेशीय हवामानाच्या अभ्यासासाठी संस्था निघाली, पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. हीच आजची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. तिचा १९७० च्या दशकातला सर्वांना माहीत असलेला उद्योग म्हणजे बारामतीकडचा कृत्रिम पाऊस. १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे विमानातून मिठाची पूड ढगांत पेरण्यात आली. ते ढग खालचे, पाण्याचे, जिराईत शेतकऱ्याच्या कामाचे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या काळातल्या काही निबंधांच्या झेरॉक्स मला पाठवल्या होत्या. त्यांवर संस्थेचा पत्ता छापलेला: रामदुर्ग हाऊस, पुणे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्गाचे नाव पुण्यातल्या ढगांच्या निबंधांवर पाहून मला उगाचच आनंद झाला. सीमेवरच्या माणसाला असे आनंद पुरतात.

मधल्या काळात प्रकाशाचे एक नवे हत्यार जन्माला आले होते. कल्पना जुनीच, सिंज नावाच्या आयरिश माणसाने १९३० सालीच सर्चलाईटचा झोत वर सोडून वरची हवा मोजावी असे सुचवले होते. पण सर्चलाईट वर जाता जाता फाकतो. १९६० साली मेमनने अमेरिकेत पहिला लेसर पेटवला, आणि अवघ्या तीन वर्षांत, १९६३ मध्ये, फियोक्को आणि स्मलिन यांनी लेसरचे ठोके आभाळात सोडून वरून परत आलेला प्रकाश टिपला. रडारचाच हा भाऊ, रेडिओलहरींऐवजी प्रकाश वापरणारा; नाव पडले लायडर.

कृती समजायला सोपी आहे. विहिरीत खडा टाकून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत आकडे मोजतात आणि खोली काढतात, तसेच हे, फक्त उलटे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. पंधरा किलोमीटरवरच्या ढगाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तो काळ घड्याळाने मोजला की उंची हातात. ढगाच्या खालच्या कडेपासून प्रकाश आधी येतो, वरच्या कडेपासून नंतर, म्हणून जाडीही कळते. आणि डोळ्यांना न दिसणारा सिरससुद्धा थोडा तरी प्रकाश परत पाठवतोच.

पण तेवढ्याने ढग पाण्याचा की बर्फाचा हे कळत नाही. त्याची युक्ती १९७१ साली शॉटलँड, सासेन आणि स्टोन यांनी दाखवली. लेसरचा प्रकाश एकाच पातळीत थरथरत वर जातो. जणू दोरी फक्त वर-खाली हलवली आहे. गोल थेंबावरून तो परतला तर तसाच वर-खाली थरथरत येतो. कंगोरेदार स्फटिकाच्या आत शिरून, दोन-तीन भिंतींवर आपटून परतला तर त्यातला काही भाग आडवा थरथरू लागतो. परत आलेल्या प्रकाशात उभा किती आणि आडवा किती हे मोजा. आडवा नगण्य असेल तर पाणी, भरपूर असेल तर बर्फ. दूरचे खळे की जवळचे खळे, हाच तो प्रश्न. फरक इतकाच की आबांना त्यासाठी चंद्र लागे. यांनी आपला चंद्र आपणच पेटवला.

भारतात लायडरची कामे १९८० च्या दशकात सुरू झाली: तिरुवनंतपुरमला, अहमदाबादला आणि पुण्याला. पुण्यात पी. सी. एस. देवरा आणि पी. अर्नेस्ट राज यांनी उभारलेल्या लायडरमध्ये आर्गॉन वायूचा लेसर होता, हिरव्या प्रकाशाचा, आणि तो ठोके न देता सलग जळणारा. सलग प्रकाशाचा परतीचा काळ कसा मोजणार? म्हणून त्यांनी लेसर एका जागी आणि दुर्बीण काही अंतरावर दुसऱ्या जागी ठेवली आणि कोनावरून उंची काढली. उप्सालाचीच पद्धत, शंभर वर्षांनी, हिरव्या रेघेवर. पण हे यंत्र मुख्यतः खालच्या काही किलोमीटरांतली धूळ आणि धूर पाहण्यासाठी होते. बर्फाच्या ढगांपर्यंत पुण्याचा हात तेव्हा पोचत नव्हता. १९९१ च्या जून महिन्यात फिलिपाईन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याने उंच उडवलेल्या कणांचा थर हळूहळू विरत कसा गेला, हे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या लायडरने मोजले.

सिरसवर नजर स्थिर झाली ती १९९८ मध्ये, तिरुपतीजवळच्या गादंकी या खेड्यात. तिथे मोठे रडार आधीपासून होते. जपानच्या सहकार्याने त्याच्या शेजारी लायडर बसले. सेकंदाला वीस ठोके, हिरवा प्रकाश, आणि परतीचा उभा व आडवा प्रकाश वेगवेगळा मोजण्याची सोय. रात्रीमागून रात्री तिथल्या लोकांनी नोंदी केल्या. दहा ते सोळा-सतरा किलोमीटर या पट्ट्यात सिरस वारंवार सापडला. कधी दोन किलोमीटर जाड, कधी काही शे मीटर. आणि कित्येकदा असा की त्या रात्री अंगणात उभ्या माणसाने आभाळ निरभ्र आहे असेच सांगितले असते. ‘निरभ्र’ या शब्दावरचा माझा विश्वास तेव्हापासून थोडा उडाला आहे.

कुणी विचारील, न दिसणाऱ्या, न बरसणाऱ्या ढगाची एवढी उठाठेव कशाला? पातळ सिरस सूर्याचे ऊन बहुतेक सगळे खाली येऊ देतो, पण जमिनीतून रात्रंदिवस वर जाणारी उष्णता अडवतो. जाळीचे पांघरूण म्हणा. दाट ढग उलट ऊनच परतवतात. म्हणजे ढग पृथ्वीला तापवणार की निववणार हे त्याच्या जाडीवर आणि उंचीवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी अंदाजाने सांगून भागत नाही. ऑस्ट्रेलियात प्लॅट यांनी १९७० च्या दशकातच लेसरच्या जोडीला उष्णता मोजणारे यंत्र लावून हा हिशेब सुरू केला होता. तंबाखूवाल्याला तो वेगळा समजावून सांगायला नको. ढगाळ रात्री दंव पडत नाही, कारण जमीन निवत नाही. पातळ सिरसने थोडा फरक पडतो, दाट थराने अधिक. म्हणजे त्या रात्री दहा किलोमीटर उंचीवरचा बर्फ आमच्या पाल्याच्या दंवाचा वाटा कमी करत होता, आणि मी अंगणात उभा राहून ‘काही संबंध नाही’ असे सांगत होतो!

जमिनीवरच्या लायडरची एक मोठी अडचण पावसाळ्यात येते. खालचे काळे ढग लेसरला वर जाऊच देत नाहीत. आणि नेमके तेव्हाच वर बर्फाची गर्दी असते. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर पंधरा किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडून जोराचा वाऱ्याचा झोत वाहतो. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो उजेडात आणला. बंगालच्या उपसागरावर जे पर्वतप्राय ढग उठतात त्यांचे बर्फाळ माथे या वाऱ्याने पश्चिमेकडे पसरत येतात. आपण बेळगावात आषाढाची झड पाहत बसलेलो असतो, तेव्हा त्या झडीच्या खूप वर, दुसऱ्याच समुद्रावरून आलेला दुसराच ढग उलट दिशेने चाललेला असतो. खालचा अरबी समुद्राचा, वरचा बंगालचा. एकाच आभाळात दोन मुलखांचे ढग, आणि दोघांची भांडणे नाहीत.

हा वरचा ढग पाहायचा तर वरूनच पाहायला हवा. १९९४ साली अमेरिकेच्या ‘डिस्कव्हरी’ यानातून प्रथम लायडर चालवून पाहिले. मग २८ एप्रिल २००६ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांचा ‘कॅलिप्सो’ उपग्रह गेला. सुमारे सातशे किलोमीटरवरून सेकंदाला वीस ठोके देत तो फिरे. निपाणी ते बेळगाव एवढे अंतर दहा-बारा सेकंदांत, दोनशेवर ठोक्यांत कापी. त्याची एक हकीकत मोठी मजेची आहे. सुरुवातीला लेसर जवळजवळ सरळ खाली रोखला होता. बर्फाचे चपटे स्फटिक हवेत पत्रावळीसारखे आडवे तरंगतात, आणि सरळ खाली आलेला प्रकाश आरशासारखा परत फेकतात. त्यात आडवे थरथरणे नसते. परिणामी बर्फ असूनही पाण्यासारखी खूण दिसे. शेवटी नोव्हेंबर २००७ मध्ये सगळा रोख तीन अंशांनी तिरका केला तेव्हा ते आरसे चुकले. सूर्याच्या दोन्ही बाजूंना कधी कधी खोटे सूर्य दिसतात तेही याच आडव्या स्फटिकांचे काम.

‘कॅलिप्सो’चे काम २०२३ साली थांबले. २०२४ च्या मे महिन्यात युरोप आणि जपान यांचा ‘अर्थकेअर’ उपग्रह लायडर घेऊन वर गेला.

आबांचा नियम खरा की खोटा? त्या पावसानंतर मी एक वही घातली. खळे पडले की तारीख, आणि पुढच्या तीन दिवसांत पाऊस झाला की नाही. बरीच वर्षे लिहिली. सांगलीच्या आकाशवाणीवर मराठीतून आणि धारवाडहून कन्नडमधून हवामान ऐकायचो, तेही बाजूला टिपायचो. प्रामाणिकपणे सांगायचे तर हिवाळ्यातली कितीतरी खळी कोरडी गेली. मोठी वादळी हवा येते तेव्हा तिच्या पुढे सिरस धावतो हे खरे. पण सिरस दिसला म्हणजे मागून पाऊस येतोच असे नाही. म्हणजे त्या दिवशीचा पाऊस योगायोगही असेल. कदाचित आबांचे चुकले असते आणि माझे बरोबर आले असते. पण मग मी ती वही घातली नसती. वही दाखवायला आबा राहिले नाहीत. ते असते तर म्हणाले असते, “मास्तर, त्यात काय लिवायचं?”

गेल्या हिवाळ्यात नात सुट्टीला आली होती. ती बेळगावात शिकते. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैत्रिणींत कन्नड. रात्री गच्चीवर खळे पडलेले दिसले तेव्हा मी तिला अंगठा चंद्रावर ठेवायला सांगितला. ती म्हणाली, “आजोबा, माझा हात तर केवढा लहान आहे.” हात लहान, पण वीतही त्याच मापाची. करंगळी बरोबर खळ्यावर टेकली.

पाऊस मात्र आला नाही.